साठच्या वेगापुढे हेल्मेटमधला इंटरकॉम मुका होतो? नवा घेण्याआधी हे करून बघा

मोटरसायकलवर बोलायला आणि गाणी ऐकायला हेल्मेटवर लावतात तो ब्लूटूथ इंटरकॉम. "कोणता इंटरकॉम घेऊ?" असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांकडे आधीच एक इंटरकॉम असतो. दोन-चार प्रश्न उलट विचारले की खरं दुखणं बाहेर येतं. उभ्या गाडीवर गाणी खणखणीत, शहरात ठीकठाक, आणि हायवेला लागून साठ-सत्तर गाठले की काही कळत नाही. समोरचा काहीतरी बोलतोय एवढंच समजतं. मग "हा बेकार निघाला, आता चांगल्यातला घेतो" असं ठरतं. चांगल्यातला येतो, पहिले पंधरा दिवस मनाची समजूत काढण्यात जातात आणि पुढच्या लांबच्या राईडला तेच रडगाणं.

मी स्वतः या चक्रात अडकलो होतो. पहिला इंटरकॉम साडेचार हजारांचा होता. पुण्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला निघालो होतो, बायको मागे आणि मेहुणा त्याच्या गाडीवर. खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला, वेग वाढला आणि मेहुण्याचा आवाज आला, "दाजी, तुम्ही विहिरीतून बोलताय." मी काय उत्तर दिलं ते त्याला कळलं नाही, त्याने पुढे काय विचारलं ते मला कळलं नाही. कराडला चहाला थांबेपर्यंत दोघांनीही ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. घरी आल्यावर तो इंटरकॉम विकला आणि जवळपास तिप्पट किमतीचा आणला. फरक पडला, पण उन्नीस-बीसचा. तिसरा घ्यायच्या बेतात असताना एका रविवारी हेल्मेटचे चीक पॅड (गालाजवळच्या गाद्या) धुवायला काढले आणि डोक्यात प्रकाश पडला. डावा स्पीकर कानाच्या चांगला दोन बोटं मागे आणि उजवा कानाच्या पाळीच्याही खाली. दुकानदाराने जसे चिकटवून दिले होते तसेच पहिल्या इंटरकॉमचे स्पीकर होते, आणि मी दुसऱ्याचेही त्याच खुणेवर चिकटवले होते. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी खालच्या गोष्टी करायला लावतो. इंटरकॉम निवडण्याचं बोलणं त्यानंतर.

पेट्रोल पंपावरची पाच मिनिटांची चाचणी

गाडी बंद करून बाजूला लावा. हेल्मेट घाला, पट्टाही लावा, कारण पट्टा न लावता हेल्मेट थोडं वर राहतं. फोनवर बातम्या किंवा कुणाचं भाषण लावा. गाणं नको, ओळखीचं गाणं कान आपोआप पुरं करून घेतात. आता दोन्ही तळहात हेल्मेटवर कानांच्या जागी ठेवून आत दाबा.

दाबल्याबरोबर आवाज उघडला, भारदस्त झाला, खालचे सूर जाणवायला लागले, तर तुमचा इंटरकॉम ठणठणीत आहे. स्पीकर कानापासून लांब आहेत, एवढंच. दाबून काहीच फरक पडला नाही तर एक एक हात आलटून पालटून दाबा; कित्येकदा एकच बाजू चुकलेली असते.

असं का होतं? इंटरकॉमचे स्पीकर साधारण ३२ ते ४५ मिलिमीटरचे, चपटे. हेडफोन कानाभोवती गादी करून बसतो, तसं यांचं नसतं, हे उघड्या हवेत वाजतात. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने खाली येतो आणि खालचे सूर तर त्याहून लवकर विरतात. त्यात वारा. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ डेसिबलच्या घरात जातो, आणि तो मुख्यतः खालच्या सुरातला घोंघावा असतो. म्हणजे स्पीकरची जी बाजू आधीच लंगडी, तिच्यावरच वारा येऊन बसतो. उभ्या गाडीवर हे कळत नाही कारण तिथे स्पर्धेला कोणी नसतं.

कान नेमका कुठे आहे

वाटतो तितका सोपा प्रश्न नाही हा. हेल्मेट घातल्यावर आत बघता येत नाही, आणि काढल्यावर कान तिथे नसतो. मी देव्हाऱ्यातलं ओलं कुंकू वापरलं. कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो त्यावर बोटाने ठिपका लावला, हेल्मेटच्या अस्तरावर दोन्ही बाजूंना पांढऱ्या रुमालाचा तुकडा पिनेने लावला आणि हेल्मेट नेहमीसारखं, दोन्ही पट्ट्या बाहेर ताणून, घातलं. पट्टा आवळला. डोकं दोन-तीनदा हलवलं. काढलं.

रुमालावर नुसता ठिपका उमटत नाही. खालून वर गेलेला एक ओघळ उमटतो, कारण हेल्मेट खाली सरकत येताना कान अस्तरावर वर घासत जातो. त्या ओघळाचं वरचं टोक म्हणजे कानाची शेवटची जागा. माझ्या उजव्या बाजूला हे टोक डाव्यापेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर वर होतं. कान सारख्या उंचीवर नसतात हे चेहऱ्याकडे आरशात बघून कधी लक्षात आलं नव्हतं. कारखान्यातून दिलेला स्पीकरचा खड्डा मात्र दोन्ही बाजूंना सारखा असतो. (पिना काढायला विसरू नका. मी एक विसरलो होतो.)

टोकाची जागा पेनाने खुणावली, स्पीकरचा मध्य त्या खुणेवर आणला, जमेल तितका पुढच्या उंचवट्यापेक्षा भोकाकडे. मग खोली. स्पीकर कानाला अगदी हलका टेकला पाहिजे, दाबला नाही पाहिजे. मध्ये जागा राहत असेल तर स्पीकरच्या मागे भर घाला. खोक्यात बहुतेक वेळा फोमच्या किंवा वेल्क्रोच्या गोल चकत्या येतात आणि लोक त्या जास्तीच्या समजून फेकून देतात. त्या नसतील तर जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून चालतो. मी तोच वापरला, पाच मिलिमीटर जाडीचा. एवढ्या पाच मिलिमीटरने जो फरक पडला तो आधीच्या दहा हजारांनी पडला नव्हता.

उलट बाजूही आहे. स्पीकर दाबत असेल तर पहिली वीस मिनिटं मजेत जातात आणि पाऊण तासाने कानाची पाळी अशी ठणकायला लागते की हेल्मेट भिरकावून द्यावंसं वाटतं. मग लोक काय करतात, तर आतला थर्मोकोल चमच्याने खरवडतात. हे करू नका. तो पांढरा किंवा काळा थर्मोकोल आपटल्यावर चेपून धक्का खाण्यासाठी असतो, आणि तो नेमका तेवढा जाड असतो म्हणूनच हेल्मेटवर आयएस ४१५१ चा, म्हणजे हेल्मेटच्या भारतीय मानकाचा, शिक्का असतो. खड्डा नसलेल्या हेल्मेटमध्ये जाड स्पीकर बसत नसेल तर पातळ स्पीकर शोधा किंवा हेल्मेट बदला. पुढचं हेल्मेट घेताना दुकानात चीक पॅड काढून बघा. कानाच्या जागी गोल खड्डा आहे का, आणि वायर जायला फट आहे का. रंग नंतर बघा.

आवाजाच्या तीन तोट्या

स्पीकर जागेवर आहेत आणि तरी आवाज कमी, असं झालं तर टाकीपासून बादलीपर्यंतच्या तोट्या तपासायच्या. पहिली फोनची, दुसरी इंटरकॉमची, तिसरी ॲपची.

फोनमध्ये गाण्याचा आवाज वेगळा आणि कॉलचा वेगळा. कॉलचा आवाज कॉल चालू असतानाच वाढतो, गाणं लावून बटण दाबत बसलात तर गाणंच वाढेल. इंटरकॉमचंही तसंच: बऱ्याच मॉडेलांत गाणं, फोन, नकाशा आणि जोडीदाराचं बोलणं यांचा आवाज स्वतंत्र लक्षात ठेवला जातो. "गाणी जोरात पण मित्र हळू" ही तक्रार ऐकली की मी विचारतो, मित्र बोलत असताना आवाज वाढवला होता का? बहुतेक वेळा उत्तरादाखल शांतता. गूगल मॅप्समध्ये सूचनांचा आवाज मोठा करण्याची वेगळी सोय नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये आहे. आयफोनवर हेडफोनचा आवाज आपोआप दाबणारी कानाच्या काळजीची सेटिंग असते. ब्लूटूथच्या यादीत इंटरकॉमपुढच्या खुणेत जाऊन तो हेडफोन आहे की दुसरं काही, हे सांगता येतं, त्यानेही फरक पडतो.

आणि एक नेहमीची शंका: गाणं छान वाजत असतं, मध्येच आवाज जुन्या ट्रंक कॉलसारखा चिरका होतो. बिघाड नाही हा. ब्लूटूथमध्ये गाण्यासाठी एक रस्ता आहे आणि बोलण्यासाठी दुसरा. माईक लागणारं काहीही सुरू झालं, कॉल असो की फोनमधला बोलका मदतनीस, की फोन बोलण्याच्या रस्त्यावर येतो, आणि तो रस्ता अरुंद. जुन्या पद्धतीत त्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जातं, म्हणजे घरच्या जुन्या लँडलाइनइतकं. माईक सुटला की गाणं पुन्हा पहिल्यासारखं. सुटत नसेल तर पाठीमागे कोणतं ॲप माईक धरून बसलंय ते शोधा.

तोट्या पूर्ण उघड्या आहेत आणि तरी कमी पडतंय? मग वारा कमी करायचा. काचेचं रबर खालून फाटलंय का, हनुवटीखालचा पडदा काढून टाकलाय का, हेल्मेट एक माप मोठं आहे का. गाडीला आखूड विंडस्क्रीन असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर टाकीकडे जरा झुका. घोंघावा एकदम बदलला तर स्क्रीनवरून उडालेली गोंधळलेली हवा थेट हेल्मेटवर आपटतेय. इंटरकॉमचा यात काडीचा संबंध नाही.

कानात फोमचे बोळे घालायचा सल्ला दिला की लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. पण वारा आणि बोलणं दोन्ही सारखे खाली येतात, कान दडपलेला राहत नाही आणि शब्द सुटे ऐकू येतात. स्पीकर नीट बसलेले असले आणि आवाज वाढवायला जागा असली तरच हे जमतं. ८५ डेसिबलला आठ तास हे कानाच्या काळजीचं रूढ माप आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९५ ला हिशोब करून बघा, जेमतेम पाऊण तास निघतो. माझ्या कानात कोल्हापूरहून आल्यावर रात्रभर शिट्टी वाजायची, ती बोळ्यांनी थांबली.

वारा तुम्हाला ऐकू येतोय, दोष त्याच्या माईकचा

हे इतक्या वेळा सांगावं लागतं की मोठ्या अक्षरात लिहून ठेवावंसं वाटतं. तुमच्या कानात जोडीदाराच्या बोलण्याबरोबर घोंघावा येतोय, तर तुमच्या स्पीकरला काही झालेलं नाही. त्याच्या माईकवर वारा बसतोय. त्यामुळे तुम्ही नवा इंटरकॉम आणला तरी घोंघावा तसाच राहणार, कारण त्याचा माईक तिथेच आहे.

तपासायचं असं: एकाने रस्त्याकडेला सुरक्षित जागी गाडी बंद करून थांबायचं, दुसऱ्याने नजरेच्या टप्प्यात तीन-चारशे मीटर जाऊन यायचं, जाता-येता एकसारखं बोलत राहायचं. मोजायला एक ते वीस आकडे बरे. मग अदलाबदल. कोणाचा माईक वाईट ते दोन फेऱ्यांत कळतं. चालत्या गाडीवर दोघांनी मिळून हा शोध लावायला गेलं की फक्त भांडण होतं.

मेहुण्याचं फुल फेस हेल्मेट. त्याच्या इंटरकॉमला बटणाएवढा माईक होता आणि तो त्याने हनुवटीच्या पट्टीच्या बरोबर मधोमध चिकटवला होता, सूचनापत्रात दाखवल्याप्रमाणे. फक्त त्याच्या हेल्मेटला मधोमध हवेचं भोक होतं. झडप उघडली की झोत थेट माईकवर. दोन सेंटिमीटर डावीकडे सरकवला आणि मला त्याच्या बोलण्यात येणारा घोंघावा संपला. म्हणजे त्या सावंतवाडीच्या राईडला तो मला विहिरीतून ऐकू येत होता आणि मी त्याला, दोघांची विहीर वेगळी.

दांड्याच्या माईकमध्ये एक बाजू ऐकणारी असते. तिच्यावर बाण, ठिपका किंवा पांढरी खूण असते आणि ती ओठांकडे हवी. हेल्मेट घालताना दांडा फिरतो, म्हणून घातल्यावर पुन्हा बोटाने चाचपायचा. माईकवरची स्पंजची टोपी हरवली असेल तर तिच्याशिवाय चालवू नका, ती दहा-वीस रुपयांची वस्तू सगळ्या राईडची वाट लावते. आपलाच आवाज अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येत असेल तर जोडीदाराचा स्पीकर इतका मोठा आहे की त्याचाच माईक तो उचलतोय. त्याला आवाज कमी करायला सांगा. बोललं की चालू होणाऱ्या सोयीत पहिला शब्द गिळला जातो, त्यामुळे "थांब, डावीकडे ट्रक" मधलं "थांब" जातं. मी ती सोय बंदच ठेवतो.

अर्ध्या हेल्मेटवर कितीही महाग इंटरकॉम लावा, ऐंशीला बोलणं कळणार नाही. त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही, आणि ते हेल्मेट मुळात हायवेसाठी नाहीच.

घाटात तुटतं ते तुटणारच

खोक्यावर हजार-बाराशे मीटर लिहिलेलं असतं. ते मोकळ्या मैदानात, मध्ये काही नसताना. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, वायफायच्याच पट्ट्यात. या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि माणसाचं डोकं बव्हंशी पाणीच. इंटरकॉम हेल्मेटच्या डाव्या बाजूला असतो. जोडीदार उजवीकडून चालत असेल तर मध्ये तुमचंच डोकं. बाजू बदलून बघा, कित्येकदा तेवढ्यानेच खरखर जाते. डोंगराचं तर बोलायलाच नको. ताम्हिणीत एखादं वळण मध्ये आलं की पन्नास मीटरवरचा माणूसही गायब होतो. हा दोष कोणत्याही कंपनीचा नाही.

बघायची गोष्ट वेगळी आहे: वळण संपून गाडी पुन्हा दिसली की जोडणी आपोआप परत येते, की बटण दाबावं लागतं? घाटात दर वळणावर हातमोज्याच्या बोटाने बटण चाचपणं म्हणजे अपघाताला निमंत्रण. निवडीचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

साध्या ब्लूटूथ इंटरकॉममध्ये जोडणी साखळीसारखी असते. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी. दुसरा पेट्रोलला थांबला की साखळी मधून तुटते, पहिला एकटा पडतो. दुसरा प्रकार मेश, म्हणजे जाळं. मेशमध्ये प्रत्येक जण सगळ्यांशी बोलतो आणि आवाज दुसऱ्याच्या इंटरकॉमवरून उडी मारून पुढे जातो. एक जण गळला तर बाकीचे वेगळी वाट शोधतात, आणि तो टप्प्यात आला की स्वतःहून परत येतो. कार्डो कंपनीने हे २०१५ मध्ये पॅकटॉक या मॉडेलमधून आणलं, सेना ही दुसरी कंपनी नंतर आली. सेनाच्या खुल्या मेशमध्ये नऊ चॅनेल आहेत, एक निवडला की झालं, पेअरिंगची भानगड नाही. बेंगळुरूच्या ब्लूआर्मर कंपनीचंही स्वतःचं मेश आहे. पण एका कंपनीचं मेश दुसरीच्या मेशशी बोलत नाही. हे विकणारा सांगत नाही.

"पण खोक्यावर सगळ्या कंपन्यांशी जुळतो असं लिहिलंय." जुळतो, पण कसा? तुमचा इंटरकॉम दुसऱ्याला "मी फोन आहे" अशी थाप मारतो. जोडणी होते, पण बोलण्याच्या त्या अरुंद रस्त्याने, आणि फोनची एक जागा त्यात अडकते. मग खरा फोन किंवा नकाशा बाहेर राहतो. अडीनडीला ठीक.

स्वस्तातल्या मालात "सहा रायडर" असं मोठ्या आकड्यात लिहिलेलं असतं. विचारा, एका वेळी किती जण बोलू शकतात? कित्येकांत सहा जणांची नावं साठवता येतात आणि एका वेळी दोघंच बोलतात. बाकीचे चौघं नुसते यादीत.

डोंगर नसताना, दहा फुटांवर तुटत असेल तर मात्र शोधा. हेल्मेटवर किंवा हँडलवर ॲक्शन कॅमेरा असेल तर त्याचं वायफाय बंद करून बघा. फोन धातूच्या पेटीत ठेवलाय का? मनगटावरचं घड्याळ किंवा बॅगेतले इअरबड फोन पळवतायत का? स्क्रीनवाल्या नव्या गाड्यांचा गोंधळ वेगळाच: फोन गाडीशीही जोडलेला आणि हेल्मेटशीही, कॉल कुठे जाईल ते त्या दोघांनाही माहीत नसतं. काही गाड्यांत हेल्मेट आधी गाडीशी जोडायचं असतं आणि फोनही गाडीशीच. माहितीपुस्तकातलं ते एक पान वाचा. एवढं करूनही जमलं नाही तर सगळ्या जुन्या जोडण्या दोन्हीकडून पुसा, इंटरकॉम मूळ स्थितीवर आणा, दोघांचं सॉफ्टवेअर एकाच आवृत्तीचं करा आणि फक्त एक फोन, एक जोडीदार एवढंच जोडून सुरुवात करा.

पावसाळ्यानंतरची खरखर, आणि चार्ज न होणं

ऑक्टोबरात हमखास येणारी तक्रार. एक कान बंद, वायर हलवली की चालू. बहुतेक इंटरकॉम एका पट्टीवर सरकवून बसवायचे असतात आणि मागच्या पितळी ठिपक्यांतून स्पीकरला जोडले जातात. कोकणातला एक पावसाळा झाला की त्यावर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून दोन्हीकडचे ठिपके पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. यातून परत आलेले इंटरकॉम मी चार-पाच तरी पाहिलेत, मालकांनी मनाने ज्यांना तिलांजली दिली होती. खोक्यावरचं आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा: एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ते चार्जिंगचं रबरी झाकण घट्ट बंद असेल तर. झाकण लोंबत असेल तर तो आकडा विसरा.

चार्ज होत नसेल तर वायर बदलून बघा. दोन्ही टोकांना टाइप सी असलेल्या वायरवर बरेच स्वस्त इंटरकॉम चार्जच होत नाहीत, कारण त्यांच्यात त्यासाठी लागणारा लहानसा रोध (रेझिस्टर) घालायचा पैसा वाचवलेला असतो आणि चार्जरला पलीकडे काही आहे हे कळतच नाही. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली वायर आणि साधा फोनचा चार्जर लावला की बिचारा मुकाट्याने चार्ज होतो. हेल्मेट उन्हात गाडीच्या आरशावर टांगून ठेवायची सवय असेल तर बॅटरी दुसऱ्या वर्षी अर्धी होईल, त्याला वायर काय करणार.

आता घ्यायचाच असेल तर

एकटे फिरता, फक्त नकाशा आणि गाणी: मेशवर एक पैसा घालवू नका. चांगले स्पीकर आणि हातमोज्याने कळणारी मोठी बटणं बघा. मागच्या सीटवर बायको किंवा मैत्रीण: दोघांचं अंतर तीन फूट, टप्प्याचा प्रश्नच नाही, साधं ब्लूटूथ पुरतं, मात्र दोन्ही हेल्मेटमध्ये कुंकवाची चाचणी करा. आमच्याकडे बायकोचं हेल्मेट माझ्याहून लहान, तिला चकत्यांची गरजच पडली नाही. दोन गाड्या असतील तर दोन्हीकडे एकाच कंपनीचे घ्या, शक्यतो एकच मॉडेल. चार-पाचांचा कायमचा गट असेल तर मेश, आणि कोणती कंपनी ते तुम्ही ठरवायचं नसतं. गटात ज्याची आधीच खरेदी झालीय त्याच्यामागे जायचं, मग तुम्हाला दुसरं कितीही आवडो. मेशमध्ये बॅटरी लवकर उतरते, म्हणून लांबच्या दिवशी जेवणाच्या वेळी पॉवर बँकेला लावायची सवय ठेवा.

स्पीकर सुटे विकत मिळतात का, हे नक्की विचारा. सुटा माईक मिळतो का, हेही. पावसात आधी तेच जातात, आणि ते मिळत नसतील तर पूर्ण इंटरकॉम कचऱ्यात.

खोकं आलं की आधी क्लॅम्पने लावा, चिकटपट्टीने नको. चिकटवलेला परत घेत नाहीत. परत करायची मुदत संपायच्या आत शहराबाहेर एक फेरी मारा, निदान दहा किलोमीटर सलग, आणि तिथे जाऊन मगच ठरवा. कुंकू, रुमाल आणि मॅटचा तुकडा घरीच संपवून निघा. पंपावर कानाला कुंकू लावत बसलात तर लोक थांबून बघतात, हा स्वानुभव.